पडद्यावरची शांतता

आईचे हृदय दुर्बल झाल्याचे निदान होऊन आता काही वर्षे झाली आहेत. सुरुवातीला प्रत्येक वेळी दवाखान्यात जावे लागे. अलीकडे दर दुसरी भेट व्हिडिओ कॉलवर होते आणि दोन्ही ठिकाणी मी तिच्या शेजारी बसलेलो असतो. डॉक्टर त्याच आहेत, प्रश्नही बहुतेक तेच असतात. तरीही आई दवाखान्यात जे सांगते ते पडद्यासमोर सांगत नाही, हे ध्यानात यायला मला बराच काळ लागला.

रात्री झोपताना आता दोन उशा घ्याव्या लागतात, ही गोष्ट तिने पहिल्यांदा सांगितली ती रक्तदाब मोजून झाल्यावर, डॉक्टर दंडावरचा पट्टा सोडवत असताना. कोणीही तिला काही विचारलेले नव्हते. आडवे पडल्यावर दम लागणे हे हृदयविकारातले महत्त्वाचे लक्षण आहे, आणि त्यावरूनच त्या दिवशी औषधाची मात्रा बदलली गेली. दवाखान्यात अशा रिकाम्या जागा पुष्कळ असतात: डॉक्टर हात धुतात, कागद चाळतात, लिहितात. रुग्णाच्या मनात घोळत असलेली गोष्ट अनेकदा अशाच वेळी, कधी कधी तर निघताना दाराशी थबकून, बाहेर पडते. व्हिडिओ कॉलवर मात्र दोन सेकंदांची शांतता पडली, की कोणीतरी लगेच विचारते, "आवाज येतो आहे ना?" तिथे गप्प राहणे म्हणजे यंत्रात बिघाड, असाच सगळ्यांचा समज होतो.

यामागे केवळ संकोच नाही. दहा भाषांमधील बोलण्याची तुलना करणारा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपणे आणि दुसऱ्याचे उत्तर सुरू होणे यांत सरासरी सुमारे 200 मिलिसेकंदांचेच अंतर असते, असे त्यात आढळले. उलट, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.114 या शिफारशीनुसार आवाज एका दिशेने पोहोचायला 150 मिलिसेकंदांपर्यंत लागले तरी ते सर्वसाधारणपणे चालण्याजोगे मानले जाते. म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर परत येईपर्यंत, चांगल्या जोडणीवरही, 300 मिलिसेकंदांची भर पडू शकते. डॉक्टरांना वाटते की आईचे बोलून झाले, म्हणून त्या पुढचा प्रश्न विचारतात. आई तेव्हाच बोलू लागलेली असते. दोघींचे शब्द एकमेकींवर आदळतात आणि आई, सवयीप्रमाणे, "तुम्ही बोला" म्हणून मागे सरते. ते राहिलेले वाक्य ती पुन्हा कधीच उचलत नाही.

अर्थात, समोरासमोरच्या भेटीचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. 1984 मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात, आपली तक्रार सांगू लागलेल्या रुग्णाला डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत थांबवतात असे दिसले होते, आणि त्या काळात मध्ये कोणताही पडदा नव्हता.

एका बाबतीत तर मला व्हिडिओ कॉल निःसंशय सरस वाटतो. दवाखान्यात डॉक्टर आईच्या नडगीवर अंगठा दाबत, पाहत आणि मनाशी काही नोंदवून पुढे जात. काय पाहिले, हे आम्ही विचारत नसू. पडद्यावर त्यांचा अंगठा पोहोचत नसल्याने त्यांना सगळे शब्दांत सांगावे लागले: घोट्याच्या थोडे वर, हाडावर, काही सेकंद दाबून धरा, अंगठा उचलल्यावर खळगा राहतो का ते पाहा, राहिला, तर कॅमेऱ्याजवळ आणा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हृदयविकाराच्या रुग्णांच्या अशाच व्हिडिओ तपासण्यांमधील संभाषण बारकाईने अभ्यासले आणि 2020 मध्ये प्रसिद्ध केले. तिथेही तपासणीचे काम रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या हातांनीच करावे लागत होते. ही तपासणी डॉक्टरांच्या स्वतःच्या हाताइतकी खात्रीची नाही, हे मान्य. पण सूज म्हणजे नेमके काय, हे आईला त्या दिवशी कळले आणि आता ती ते रोज पाहते. "ती पांढरी गोळी" हे दवाखान्यातले वर्णनही घरून बोलताना चालत नाही. ती डबी उघडून सरळ पाकीटच दाखवते. छातीत दुखणे किंवा एकाएकी दम लागणे अशा प्रसंगी मात्र व्हिडिओ कॉलचा विचारही करू नये.

माझाही एक दोष यात होता. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसून मी आईला हळूच उत्तरे सुचवत असे. दवाखान्यात मी मध्ये बोललो, की डॉक्टर माझ्याकडे पाहत आणि पुन्हा आईकडे वळून तिलाच विचारत. पडद्यावर त्यांना मी दिसतच नव्हतो. दिसे ती फक्त उत्तर देण्याआधी बाजूला वळणारी आईची नजर. शेवटी त्यांनीच मला चौकटीत येऊन बसायला सांगितले.

त्यांनी आणखी एक प्रथा सुरू केली आहे. रिपोर्ट उघडण्याआधी त्या म्हणतात, "मी आता मिनिटभर वाचते आहे, बोलणार नाही, आवाज गेला असे समजू नका. तुम्हाला काही आठवले तर सांगा." गेल्या खेपेस त्या मिनिटात आई बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, की जिना चढताना तिला आता मध्येच थांबावे लागते. आम्ही एकाच घरात राहतो आणि मला हे ठाऊक नव्हते.