उशिरा आलेला कावळा

रविवार, रात्री

पंचतंत्रातलं ‘काकोलूकीय’, म्हणजे कावळे-घुबडांच्या वैराचं प्रकरण, आज पुन्हा वाचलं. लहानपणी त्यातली युक्ती तेवढी लक्षात राहिली होती. स्थिरजीवी नावाचा म्हातारा कावळा मार खाल्ल्याचं सोंग करून घुबडांच्या आश्रयाला जातो, घरट्याच्या निमित्ताने गुहेच्या तोंडाशी काटक्या रचतो आणि भर दिवसा, घुबडांना दिसत नसताना, आग लावतो. कावळे जिंकले म्हणून तेव्हा आनंद झाला होता. आज तो भाग वाचवेना.

वैर सुरू कशावरून झालं? पक्ष्यांनी घुबडाला राजा करायचं ठरवलं, अभिषेकाची तयारीही झाली. तेवढ्यात आलेला एक कावळा म्हणतो, हा रागावलेला नसताना असा दिसतो, तर रागावल्यावर कसा दिसेल? सभा उठते. घुबड तिथेच बसून राहतं. मग कावळ्याला म्हणतं, बाणाची जखम भरून येते, कुऱ्हाडीने तोडलेलं रान पुन्हा वाढतं, शब्दाची जखम भरत नाही. कावळ्यालाही पस्तावा होतो, विनाकारण वैर घेतलं असं वाटतं. पण हे तो मनातच म्हणतो आणि घरी जातो. ती सभा न पाहिलेले किती जण पुढे त्या एका वाक्यापायी मेले! आणि ही हकिगत सांगतो कोण, तर स्थिरजीवीच. घुबडांनी ती कशी सांगितली असती?

जातककथेतल्या लावा पक्ष्यांची गोष्टही आठवली. सगळे मिळून जाळं उचलून नेत, तोवर पारधी रिकाम्या हाताने परते. यांचं भांडण होऊ दे, एवढंच तो बायकोला सांगे. पुढे एकाचा पाय चुकून दुसऱ्याच्या डोक्यावर पडला, तेवढं पुरलं.

दोन्हीकडे शहाणा वेळीच निघून जातो. लाव्यांमधला बोधिसत्त्व (पूर्वजन्मीचा बुद्ध) आपला थवा घेऊन जातो, घुबडांचा मंत्री रक्ताक्ष दुसरी गुहा गाठतो. निवडणुकीच्या वादानंतर मीही मित्रांच्या गटातून बाहेर पडलो आणि इतके दिवस स्वतःला रक्ताक्ष समजत आलो. (त्याचाही सल्ला होता ‘ठार मारा’ असाच, हे मी विसरलो होतो.)

पण त्या संध्याकाळी मी उशिरा पोहोचलो होतो. सगळ्यांचं जवळजवळ जमत आलं होतं. तेव्हा एका मित्राच्या तोंडावर, सगळ्यांदेखत, ते वाक्य मी बोललो. तो बराच वेळ खुर्चीतून उठला नव्हता.

उद्या त्याच्या घरी जाणार आहे. फोन न करता.