मोटर असली तरी गिअर बदला: ई-सायकल चालवणाऱ्यांसाठी थोडं

पुण्यात आता ई-सायकली बऱ्याच दिसायला लागल्यात, आणि त्या चालवणारे बरेचजण त्या स्कूटरसारख्या चालवतात. म्हणजे पाय पेडलवर नुसते ठेवलेले, अंगठा थ्रॉटलवर दाबलेला आणि मागचा गिअर कायम सगळ्यात जड. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण ह्याच लोकांकडून नंतर ऐकायला मिळतं की रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, मिळत नाही, बॅटरी लवकर बसली, चढावर सायकल ओढतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती आधी सायकल आहे, आणि सायकल म्हणून चालवली तर रेंजही मिळते आणि रस्त्यावर आपण जास्त सेफही राहतो.

माझा रोजचा रस्ता बावधन ते डेक्कन. सकाळी चांदणी चौकातून पौड रोडला उतारच उतार, त्यामुळे मी मोटर चालूच करत नाही, आणि संध्याकाळी कोथरूड डेपो सोडला की तोच उतार चढ होऊन समोर उभा असतो, अंगात दिवसभराचा थकवा असतो, आणि बॅटरीची खरी गरज तेव्हा असते. म्हणून सकाळी वाचवायची आणि संध्याकाळी वापरायची असं सरळ गणित आहे.

आता गिअरचं. आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींना मागच्या चाकाच्या मधोमध, म्हणजे हबमध्ये, मोटर असते, तिला हब मोटर म्हणतात, ती चेनवर चालत नाही, म्हणून लोकांना वाटतं गिअर बदलून काय फरक पडणार. फरक पडतो तो असा की मोटर ठराविक वेगाला चांगलं काम करते, चाक फारच हळू फिरायला लागलं की ती करंट भरपूर खाते आणि त्यातला बराचसा नुसता उष्णता म्हणून जातो, चढ संपल्यावर हबला हात लावून बघा, गरम लागेल. चढ सुरू व्हायच्या आधीच दोन-तीन गिअर हलके केले की पाय पटापट फिरतात, पायाचा जोर चाकाला मिळतो, चाकाचा वेग टिकतो आणि मोटरला तिच्या सोयीच्या वेगात राहता येतं. चढाच्या मध्यात, वेग मेल्यावर, करकर आवाज करत गिअर बदलण्यात काही अर्थ नाही, आणि बदलताना क्षणभर पायाचा जोर कमी करायचा म्हणजे चेन नीट बसते. मिड-ड्राइव्ह असेल, म्हणजे मोटर पेडलपाशी असेल, तर तिचा सगळा जोर चेनवरूनच जातो, तिथे तर हे डबल महत्त्वाचं.

पेडलजवळ एक प्लॅस्टिकची चकती असते, तिच्यात छोटे लोहचुंबक बसवलेले असतात आणि शेजारी सेन्सर. ह्या सेन्सरला फक्त पेडल फिरतंय एवढंच कळतं, तुम्ही जोर लावताय का हे कळत नाही. म्हणजे नुसते पाय फिरवले तरी मोटर काम करत राहते आणि आपल्याला वाटतं आपण पेडल मारतोय, प्रत्यक्षात सगळं बॅटरीतून चाललेलं असतं. पायाला थोडं तरी वजन जाणवतंय ना, हे मधूनमधून तपासत राहायचं. महागड्या सायकलींमध्ये टॉर्क सेन्सर असतो, तो तुमच्या जोराच्या प्रमाणात मदत देतो, पाठीवर हात ठेवून कोणीतरी हलकेच पुढे ढकलावं तसं वाटतं, परवडत असेल तर तोच घ्या असं मी म्हणेन.

रेंजचा हिशोब घरी बसून करता येतो. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर, एवढी एनर्जी तिच्यात मावते. नीट पेडल मारत गेलं तर सपाट रस्त्यावर किलोमीटरला १० वॉट-अवरच्या आसपास लागतात, नुसत्या थ्रॉटलवर ते जवळपास दुप्पट होतात, त्यामुळे तीच सायकल एकाची ३५ किलोमीटर जाते आणि दुसऱ्याची २० लाच बसते. वेगाचंही तसंच, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ताशी २० ऐवजी २५ ने गेलात तर दर किलोमीटरला हवा कापायलाच दीडपट एनर्जी जाते. चढाचं तर शाळेतलं गणित आहे, माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरले तर १०० मीटर उंची चढायला २७ वॉट-अवर. पुणं साधारण ५६० मीटरवर आणि सिंहगड १३१२ मीटरवर, म्हणजे गडावर जायचं तर नुसत्या उंचीचेच २०० वॉट-अवर झाले, त्यात मोटरमध्ये जे वाया जातं ते आणि पायथ्यापर्यंतचं अंतर वेगळंच. तेव्हा पाय न लावता गडावर जाऊ असं ठरवून कोणी निघू नका. आणि उतरताना बॅटरी चार्ज होईल असंही बऱ्याच जणांना वाटतं, पण ज्या हब मोटरच्या आतच छोटे गिअर असतात तिच्यात फ्रीव्हील असतं, चाक पुढे नुसतं फिरतं, काही परत मिळत नाही.

अजून एक, चढावर डिस्प्लेवरच्या बॅटरीच्या कांड्या पटकन खाली येतात आणि सपाटीवर परत वर जातात. त्याला घाबरू नका, लोड आला की व्होल्टेज दबतं. खरी किती उरली हे सायकल उभी असताना बघायचं.

सोसायटीतले काका लोक हमखास विचारतात, "काय रे, ह्याला लायसन लागतं का?" नाही लागत. मोटर २५० वॉटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत आणि मॉडेलला मान्यताप्राप्त टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट असेल तर कायद्याने ते मोटर वाहन धरलं जात नाही. आपल्या पौड रोडवरून दिसणारी ती एआरएआयची टेकडी, ती एआरएआय अशीच एक एजन्सी. पण डिस्प्लेमधल्या सेटिंगमधून नाहीतर वायर काढून स्पीड लिमिट उडवली की ही सवलत गेली. मग लायसन, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स सगळं आलं, आणि ब्रेक मात्र तेच २५ च्या वेगासाठी दिलेले. हे अजिबात करू नका.

आता सेफ्टी, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. गाडीवाले सायकल बघतात आणि मनात सायकलचाच वेग धरतात. ताशी २५ म्हणजे सेकंदाला ७ मीटर, पण रिक्षावाल्याला वाटतं हा ताशी १२ ने येतोय, म्हणून तो तुमच्या पुढे येऊन सरळ डावीकडे वळतो. प्रत्येक डाव्या गल्लीच्या तोंडाशी आणि बसस्टॉपपाशी बोटं ब्रेकवर पाहिजेत. दिवसासुद्धा लाइट चालू ठेवा आणि हेल्मेट सक्तीचं नसलं तरी घालाच.

सिग्नलला उभं असताना पाय पेडलवर ठेवून त्यावर वजन टाकू नका, पेडल जरासं फिरलं तरी मोटर झटका देते आणि पुढे कोणीतरी रस्ता ओलांडत असतं. ब्रेकच्या लिव्हरमध्ये स्विच असतो, लिव्हर थोडी दाबली की मोटर कट होते, म्हणून उभं असताना ब्रेक दाबूनच ठेवायचा. पेडल थांबवल्यावर मोटर लगेच बंद होत नाही, अर्धा-एक सेकंद ढकलतच राहते, गर्दीत हा अर्धा सेकंद फार मोठा वाटतो, तिथेही लिव्हरला हलका हात लावायचा. यू-टर्न घेताना आणि गल्लीबोळात असिस्ट, म्हणजे मोटरच्या मदतीची पातळी, एकवर आणा नाहीतर बंदच करा.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं, चेंबरची झाकणं, पेव्हर ब्लॉक आणि झेब्राचे पांढरे पट्टे निसरडे होतात, त्यांच्यावर वळायचं पण नाही आणि ब्रेक पण मारायचा नाही. ओल्या डिस्क ब्रेकला पकडायला वेळ लागतो, तेव्हा आधीपासून दाबायला सुरुवात करा. चांदणी चौकाच्या उतारावर ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा दोन्ही ब्रेक दाबायचे, वेग कमी करायचा, सोडायचे, परत दाबायचे. साचलेल्या पाण्यात हब बुडेल एवढं जाऊ नका, मोटरची वायर ॲक्सलमधून आत जाते आणि पाणी तिथूनच शिरतं. ही वायर ॲक्सलपाशी आत शिरण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवली की पाणी तिथूनच ठिबकून जातं. धुताना प्रेशरचा पाइप नको, ओलं फडकं बास.

बॅटरी चार्ज करायची ती कंपनीच्याच चार्जरने, उन्हातून आल्यावर अर्धा तास गार होऊ देऊन, आणि आपण जागे असताना. ३६० वॉट-अवरला दोन अँपिअरच्या चार्जरवर पाचेक तास लागतात, लाइट अर्ध्या युनिटच्या आसपास जाते, त्यामुळे रात्रभर लावून ठेवायची काही गरजच नाही. जागा अशी निवडा की पेट घेतला तरी बाहेर पडायचा रस्ता अडणार नाही. जिन्यात नको, घराच्या दारापाशी नको, गादी-पडद्याजवळ तर नकोच. पडलेली, फुगलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका आणि गल्लीतल्या कोणाकडून उघडून घेऊ नका. गावाला जाणार असाल तर अर्धी भरलेली ठेवून जा, फुल्ल नाही आणि रिकामी तर नाहीच.

हवा आठवड्यातून एकदा, टायरच्या कडेला लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. मागच्या चाकात मोटरचं वजन असल्याने खड्ड्यात आणि स्पीडब्रेकरवर स्पोकवर जास्त ताण येतो, तेव्हा सीटवरून थोडं उठायचं. स्पोक बोटांनी दाबून बघायचे, एखादा ढिला लागला तर लगेच ताणून घ्यायचा, एक तुटला की शेजारचे तुटायला लागतात. पंक्चरवाले मोटरची वायर बघून नाही म्हणतात, त्यांना सांगायचं की चाक काढूच नका, टायरची एक बाजू उतरवून तेवढीच ट्यूब बाहेर ओढा आणि तिथेच पॅच मारा, होतं व्यवस्थित. ट्यूबच बदलायची असेल तर मात्र चाक काढावं लागतं, त्यासाठी १८-१९चा पाना बॅगेत ठेवा, आधी वायरचा कनेक्टर सोडा, आणि परत बसवताना ॲक्सलवरचा खाचेत बसणारा वॉशर जागेवर आहे ना ते बघून मगच नट गच्च आवळा, तो नसेल तर मोटरच्या जोराने ॲक्सलच फिरतो आणि वायर तुटते.