तीन ओळी आणि अकरा दिवस

मेटास्प्लॉइटमध्ये (सिस्टीममधली सुरक्षेची भोकं तपासायचं टूल) मी बदललेल्या कोडच्या ओळी मोजून तीन. लिहायला वीस मिनिटं लागली. त्या चालतात हे दाखवायला अकरा दिवस.

कामावर एका क्लायंटच्या टेस्टिंगमध्ये (लेखी परवानगीने, हे आधीच सांगतो) त्यातलं एक जुनं मॉड्यूल (एका ठराविक सॉफ्टवेअरमधलं भोक तपासणारा छोटा प्रोग्राम) चालवलं आणि ते 'अनडिफाइन्ड मेथड बॉडी फॉर निल' म्हणत आडवं पडलं. रूबी या प्रोग्रामिंग भाषेतलं हे नेहमीचंच दुखणं. सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही की हातात निल, म्हणजे 'काहीच नाही', येतं, आणि लिहिणारा ते न तपासताच मजकूर वाचायला जातो. एक ओळ त्यासाठी: उत्तर नसेल तर 'अननोन' सांगून मागे फिर. उरलेल्या दोन आवृत्तीच्या तुलनेच्या. त्या सॉफ्टवेअरच्या १०.२ आणि ९.८ या आवृत्त्या आकडे म्हणून नाही, अक्षरं म्हणून ताडल्या होत्या. अक्षरांत १ हा ९च्या आधी, त्यामुळे दुरुस्त झालेली १०.२सुद्धा कमकुवत ठरत होती. तिथे रेक्स व्हर्जन वापरलं, ते आवृत्त्या आकड्यांप्रमाणे ताडतं.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती, टाकली. मेटास्प्लॉइटवाल्यांचं उत्तर आलं: कमकुवत आवृत्तीवर चालवून आउटपुट जोडा. मागणी रास्तच होती. पण ९.८ आणायची कुठून?

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही. साइटवर फक्त ताजी आवृत्ती. जुनीसाठी फॉर्म, त्यात कर्मचारी किती आणि 'खरेदी कधीपर्यंत'. जीमेल चालेना, ऑफिसचा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी सेल्सचा फोन.

"सर, जुनं कशाला? नव्यात डॅशबोर्ड मस्त आहे."

मला भोक असलेलंच हवंय, हे त्याला कसं सांगणार? सपोर्टकडे गेलो तर कॉन्ट्रॅक्ट नंबर मागितला. तिकीट उघडलं, दोन दिवसांत आपोआप बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. एका परक्या साइटवर फाइल दिसली होती, पण तिच्या हॅशशी (फाइलचा डिजिटल ठसा) ताडायला मूळ हॅशच कुठे नव्हता. सिक्युरिटीतला माणूस असून कुणाची तरी ट्रोजन (साळसूद दिसणारी घातक फाइल) मांडीवर घेऊन बसायची हौस नव्हती.

नवव्या दिवशी चहाच्या टपरीवर सिस्टीमवाल्या काकांकडे रडगाणं गायलं. "अरे, आपल्याकडे होतं की ते!" म्हणत त्यांनी खणातून हार्डडिस्क काढली. फोल्डरचं नाव 'जुने – डिलीट करू नये'. आत ९.८. नव्या विंडोजवर ते बसेना, मग व्हर्च्युअल मशीनवर (कंप्युटरच्या आत चालणारा खोटा कंप्युटर) विंडोज सर्व्हर २०१२. मॉड्यूलचा चेक चालवला, पडद्यावर 'अपिअर्स', म्हणजे 'कमकुवत दिसतंय'. भर ऑफिसात टाळी वाजवली.

तुम्ही करणार असाल तर इन्स्टॉल झाल्या झाल्या व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपलेली प्रत) घ्या. मी विसरलो आणि सगळं दोनदा बसवलं. कुणाच्या चालू सर्व्हरवर 'जरा बघतो' नको. परवानगी नसेल तर आयटी कायदा २०००चं कलम ४३ आणि ६६ आहेच. एमएसएफटायडी आणि रूबोकॉप (कोडची मांडणी तपासणारी टूल्स) पाठवण्याआधीच चालवा, नाहीतर पहिली फेरी मोकळ्या जागा पुसण्यात जाते. आणि हो, मास्टरवरून (कोडच्या मुख्य शाखेवरून) पाठवू नका, वेगळी ब्रँच काढा. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. मॉड्यूलच्या डॉक्युमेंटेशन फाइलमध्ये तपासलेली आवृत्तीही लिहा. ती आधीच्याने लिहिली असती तर माझा निम्मा त्रास वाचला असता.

बदल मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला गेला, त्या संध्याकाळी पुन्हा सेल्सवाल्याचा फोन. "सर, मग किती युजरसाठी घेताय?"