मत्स्याची दश्शी

सावंतवाडी, श्रावण

पहाटेपासून पाऊस ओततोय. अशा हवेत गंजिफावर, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल खेळपत्त्यांवर, लाख चढवू नये. स्पिरिटात विरघळवलेली लाख ओल धरते, दुधाळ पडते आणि खालचा लाल रंग पार मरतो. आज फक्त चिन्हं.

दशावतारी संचात पानं 120. दहा अवतारांच्या दहा बाज्या, प्रत्येकीत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. बघणारा राजावर भाळतो, पण कस लागतो चिन्हांत. एक्क्यावर एक ते दश्शीवर दहा, अशी एका बाजीत 55, म्हणजे संचात 550 चिन्हं. मत्स्याच्या दश्शीत एवढ्याशा गोलात दहा मासे, सगळे एकाच अंगाचे. पान-पान पुरं करत बसलं की सातवीपर्यंत माशाची शेपटी बदललेली असते. बाजीची सगळी पोटं आधी, मग सगळ्या शेपट्या, डोळे शेवटी.

सत्त्वशीलादेवी भोसले यांच्याबद्दल राजवाडा आणि दरबार हॉल एवढंच बोललं जातं. बडोद्याहून सावंतवाडीच्या राजघराण्यात सून म्हणून आलेल्या या बाईंनी पती शिवरामराजांबरोबर, वृद्ध पुंडलिक चितारींकडून हे काम समजून घेतलं, मग गावातल्या मुलामुलींना बसवून शिकवलं. 2018 साली त्या गेल्या. दरबार हॉलात आजही ब्रश चालतात. नुसता आश्रय देऊन हे झालं नसतं, असं मला ठाम वाटतं.

जुन्या पद्धतीच्या पानाचं अंग कापडाचं, थरावर थर खळीने डकवलेलं. चिंचोके भाजून, सालं काढून, भिजवून वाटायचे आणि खळ शिजवायची. पावसात ती दोन दिवसांत आंबते. चिमूटभर मोरचूद घातलं की टिकते, बुरशीही धरत नाही. थर डकवताना मधून कडेकडे हात फिरवायचा. आत हवा राहिली तर तेव्हा दिसत नाही, दगडाने घोटताना फोड वर येतो. खडूच्या लेपात खळ कमी पडली तर लेप भुकटी होऊन हाताला लागतो, जास्त झाली तर तडे. वजनाखाली न वाळवलेलं पान वाटीसारखं वळतं, ते मग सरळ होत नाही.

पाठ मात्र कोरी, एका रंगाची. तिथे लाखेचा एक थेंब ओघळला तरी खेळणारा ते पान दुसऱ्याच डावाला ओळखतो. नुसतं तेवढं पान खरवडून भागत नाही, त्याची पाठ बाकीच्या 119 पाठींपेक्षा वेगळी चमकते. मग सगळ्याच पाठींवर पुन्हा हात, तोही पाऊस उघडल्यावर.