आमच्या गावात 'काळा घोडा' होईल का?

मुंबईच्या फोर्ट भागात मी लोकांना पायी फिरवून जुन्या इमारती दाखवतो. फिरून झालं, हातात कटिंग आला, की बाहेरगावच्या मंडळींपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "आमच्याकडे असं काही होईल का हो?" विचारणारे बहुधा वाचनालयाचे विश्वस्त असतात, नाहीतर हौशी नाट्यसंस्थेचे कार्यवाह. क्वचित एखादे नगरसेवक. 'असं काही' म्हणजे फोर्टमधल्या काळा घोडा चौकात भरणारा कलेचा महोत्सव. तिथली गर्दी, रस्त्यात मांडलेली शिल्पं, गाड्या बंद केलेला रस्ता हे सगळं बघून त्यांना गावचा मेन रोड आठवतो. वरच्या मजल्यांवर पिंपळ फुटलेले वाडे, खाली मोबाइल कव्हरची दुकानं आणि रात्री नऊनंतर सगळा शुकशुकाट. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

होईल. पण महोत्सवापासून सुरुवात केलीत तर नाही होणार. जानेवारीअखेरीच्या सुमाराला सुरू होणारा तो नऊ दिवसांचा महोत्सव एक, आणि तो भरवणारी काळा घोडा असोसिएशन ही संस्था दुसरी. बहुतेकांना पहिली गोष्ट हवी असते, कारण तीत मांडव आहे, दिव्यांची रोषणाई आहे आणि पालकमंत्र्यांना बोलावता येतं. संस्था म्हटलं की चेहरे पडतात. संस्था म्हणजे मासिक सभा, हिशेब, धर्मादाय आयुक्तांकडे जाणारे कागद. माझ्या मते मात्र सगळी करामत तिथेच आहे.

आधी जागेची हकिकत ऐका. इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. लोकांनी युवराजाला सोडून दिलं आणि चौकाला घोड्याचं नाव दिलं. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला. तो आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. नाव मात्र चौकालाच चिकटून राहिलं. मग कितीतरी वर्षं मुंबई बघायला आलेला पाहुणा विचारायचा, "घोडा कुठाय?" आणि त्याला गाड्यांचं पार्किंग दाखवावं लागायचं. नवा घोडा आला तो थेट २०१७ मध्ये. २५ फूट उंच, आणि पाठीवर स्वार नाही. तो असोसिएशनने बसवला. स्वार नाही हे मला फार आवडतं. आपल्याकडे स्वार म्हटला की तो कुणाचा, तोंड कुठल्या दिशेला, जयंती कुणी करायची, यातच दहा वर्षं गेली असती.

आता त्या पार्किंगच्या भोवती काय होतं ते बघा. रमतगमत गेलात तरी काही मिनिटांत सगळं पायाखाली येतं. १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं, आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखलं जाणारं म्युझियम. १९५२ ची जहांगीर आर्ट गॅलरी. कावसजी जहांगीर हॉल, ज्यात १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. मॅक्सम्युलर भवन, डेव्हिड ससून लायब्ररी, एल्फिन्स्टन कॉलेज. एवढ्याशा जागेत एवढ्या संस्था, आणि प्रत्येक जण आपापल्या फाटकाच्या आत. जहांगीरमध्ये चित्रं बघितलेला माणूस बाहेर येऊन टॅक्सी पकडायचा आणि घरी जायचा. रस्ता ओलांडून म्युझियममध्ये जावं असं त्याला सुचवणारं तिथे काहीच नव्हतं. संध्याकाळी ऑफिसं सुटली की फुटपाथ रिकामे.

अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट नावाची संस्था आणि राहुल मेहरोत्रांसारखे वास्तुरचनाकार नव्वदच्या दशकात फोर्टचा अभ्यास करत होते. हा आयता कलेचा मोहल्ला आहे, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्याच सुमाराला, १९९५ मध्ये, मुंबईला वारसा इमारतींची नियमावली मिळाली. देशात अशी नियमावली करणारं हे पहिलं शहर. म्हणजे बिल्डर आला आणि रातोरात पाडून गेला, ही भीती निदान कागदावर तरी कमी झाली. मग १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ मध्ये पहिला महोत्सव झाला. हा क्रम नीट लक्षात घ्या. आधी अभ्यास, मग कायदा, मग संस्था आणि सगळ्यात शेवटी मांडव. आपल्याकडे नेमकं उलट होतं. मांडव पहिल्या वर्षीच पडतो आणि तिसऱ्या वर्षी त्याच्या वर्गणीवरून दोन गट पडतात.

महोत्सवाला तिकीट नाही. मग पैसा येतो कुठून? प्रायोजकांकडून आणि स्टॉलच्या भाड्यातून. आणि जातो कुठे? हे विचारणारा शंभरात एक भेटतो. त्याला मी महोत्सवाच्या गर्दीतून बाहेर काढून मिंट रोडवर नेतो. तिथे रतनशी मुळजी जेठा यांच्या नावाची पाणपोई आहे. व्हीटी स्टेशन आणि महापालिकेची इमारत ज्याने बांधली त्या स्टीव्हन्सचं हे काम. जेठा कापसाचे व्यापारी. त्यांचा मुलगा लहान वयात गेला, त्याच्या स्मरणार्थ त्यांनी ही बांधली. अगदी वर टोकाला एक मुलगा आहे, हातात पुस्तक घेतलेला. खालून जाणारे हमाल, कुरिअरवाले, बँकेत निघालेली माणसं यांच्यापैकी कुणी वर बघत नाही. बघितलंत तर कपड्याच्या चुण्यासुद्धा दिसतात, कारण दगड साफ झालाय, तुटलेलं कोरीवकाम पुन्हा बसवलंय. संवर्धनाचं हे काम वास्तुरचनाकार विकास दिलावरी यांचं. २०१८ मध्ये या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत सन्माननीय उल्लेख मिळाला. आदल्याच वर्षी बाजारगेटकडच्या बमनजी होरमसजी वाडिया घड्याळ मनोऱ्यालाही तो मिळाला होता. ही दोन्ही असोसिएशनने हाती घेतलेली कामं. दोन्ही ठिकाणी महोत्सवाचा एकही स्टॉल लागत नाही. सेल्फी काढायलाही तिथे कुणी फिरकत नाही.

म्हणून, "काळा घोड्याला आता कला कुठे राहिलीय, नुसती फोटोंची जत्रा झालीय" ही तक्रार ऐकली की मी वाद घालत नाही. गर्दी असह्य असते हे खरंच, आणि शनिवार-रविवारी मीही तिकडे जात नाही. पण त्या जत्रेच्या जिवावर कुणाची तरी पाणपोई उभी राहात असेल तर माझी हरकत नाही. आपल्या गावोगावच्या जत्रांनी देवळांचे कळस असेच तर बांधले.

आता दुसरी बाजू, कारण तीही तुम्ही विचारायला हवीत आणि कुणी विचारत नाही. घोड्याच्या जवळच एस्प्लनेड मॅन्शन आहे, मूळचं वॉटसन्स हॉटेल. १८६० च्या दशकात बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून इथे आणून जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा इथेच दाखवली गेली. पुढे तिचे बारीक बारीक गाळे पाडले गेले, त्यांत वकिलांची ऑफिसं बसली. २००५ मध्ये पुढचा भाग कोसळून एक जीव गेला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली आणि पाडायची की वाचवायची यावर कोर्टात भांडण झालं. एवढा नावाजलेला कलेचा परिसर, दरवर्षी लाखोंची वर्दळ, आणि ऐन त्याच्या उंबऱ्यावर ही अवस्था. कारण तुम्हाला गावाकडेही पाठ असेल. भाडं १९४७ च्या कायद्याने गोठलेलं, त्यामुळे मालक विटेला हात लावत नाही, आणि पागडी दिलेला भाडेकरू जागा सोडत नाही. या गाठीला कुठलीही कलासंस्था पुरी पडत नाही. पेठेतल्या वाड्यांचं दुखणं हेच असेल तर शिल्पप्रदर्शन भरवून ते बरं होणार नाही. त्यासाठी मालक आणि भाडेकरू एका टेबलाशी आणणारा खमक्या माणूस लागतो.

शिवाय भाग सुधारला की भाडी चढतात. जहांगीरमधलं 'समोवार' हे कॅफे २०१५ मध्ये बंद झालं, २०१६ मध्ये 'ऱ्हिदम हाउस' हे गाण्यांच्या कॅसेट-सीडींचं दुकान. दोन्हींची कारणं वेगळी. कॅसेट-सीडीचा धंदा तर सगळीकडेच बुडाला. त्यामुळे सगळा दोष चकचकीत बुटिकांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण एका कपावर दोन तास बसू देणारी जागा गेली की तिथे पुन्हा तशी जागा येत नाही, एवढं मी बघितलंय. चित्रकार पोरं आता फुटपाथवर बसतात. जहांगीरच्या बाहेर कॅनव्हास टेकवून, समोर गिऱ्हाईक बसवून कोळशाने चेहरे काढणारे बघा. बघ्यांचा घोळका मागे उभा राहून "नाक नाही जमलं" म्हणत असतो आणि काढणारा मान वर न करता नाक पुसून पुन्हा काढतो. परिसर जिवंत आहे तो मला विचाराल तर यांच्यामुळे. आणि सुशोभीकरणाचं टेंडर निघालं की पहिली गदा येते ती फुटपाथवर बसणाऱ्यांवरच.

मुंबईचा कित्ता गिरवताना अजून एक फरक ध्यानात घ्या. काळा घोड्याला राहणारी माणसं अगदी थोडी आहेत. रात्री आवाज झाला तरी तक्रार करायला कोण आहे? तुमच्या पेठेत माणसं राहतात. पणजीची फोंताइन्हास ही जुनी वस्ती बघा. गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुपने तिथे कला महोत्सव भरवला तो लोकांच्या घरांत. घरवाल्यांनीच बैठकीच्या खोल्या उघडून चित्रं लावली. कल्पना इतकी साधी आणि सुंदर की हेवा वाटावा. पण त्या रंगीत भिंतींची कीर्ती पसरली आणि पुढे पर्यटकांचे लोंढे आले. दुसऱ्याच्या दारात उभं राहून, कुणाच्या खिडकीला टेकून फोटो काढणारे. शेवटी घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या. दार उघडायचं की नाही हे दारवाल्याने ठरवायचं असतं, आणि एकदा हो म्हटल्यावर नाही म्हणायचीही त्याला सोय हवी. हे आधीच बोलून घ्या.

तुमच्याकडे काय आहे ते सांगू? मुंबईत जे मुद्दाम जुळवावं लागलं ते आपल्या कितीतरी गावांत एकाच छपराखाली आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ऐन शहरात, आणि त्याचं स्वतःचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे. संध्याकाळी पेपर चाळायला येणारे आजोबा आणि रात्री नाटकाला येणारी मंडळी एकाच संस्थेत येतात. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पुरं केलं, शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. कला आणि कुस्ती यांना एका कुंपणात बसवणारा नगररचनाकार आजही दुसरा सापडायचा नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह आगीत जळालं तेव्हा कोल्हापूरचे कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले. गावाचा मध्यभाग कुठे आहे हे त्या रात्री कुणाला नकाशात शोधावं लागलं नाही.

म्हणून मी विचारणाऱ्याला उलट विचारतो. तुमच्या वाचनालयाच्या सभागृहाची किल्ली कुणाकडे असते? ते महिन्यातून किती संध्याकाळी उघडतं? भाडं इतकं आहे का, की गावातल्या भजनी मंडळाला आणि कॉलेजच्या एकांकिकावाल्या पोरांना ते परवडावं? लग्नाच्या मोसमात ते रिसेप्शनला देता की तालमीला? मग सभागृहापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा शंभर पावलांचा फुटपाथ हातात घ्या. मुख्याधिकाऱ्यांकडे एवढंच मागा, की तिथे दिवा लागू दे, गटारावर झाकण असू दे आणि चहावाला, भेळवाला हलवू नका. त्यांच्यामुळेच रात्री बाईमाणसाला तिथून जावंसं वाटतं. समोरच्या दुकानदारांना पहिल्या बैठकीला बोलवा, आठव्याला नको. आणि तालमी रस्त्यावरून दिसू द्या. बंद दाराआडच्या कलेने कुठल्याच बाजारपेठेचं भलं झालेलं नाही.

अशी दोन-तीन वर्षं गेली की महोत्सव करा, खुशाल करा. तोवर त्याला येणारी माणसं तयार झालेली असतील आणि हिशेब ठेवणारा एखादा निवृत्त बँकवाला सापडलेला असेल. हा माणूस चित्रकारापेक्षा दुर्मीळ, त्याला जपा.

एवढं ऐकल्यावर एका कार्यवाहांनी मला विचारलं, "ते सगळं ठीक, पण पहिल्या वर्षी पाहुणा कुणाला बोलवायचा? कुणीतरी टीव्हीवरचं हवं ना." मी म्हटलं, त्या मानधनात सभागृहाच्या मागे बायकांसाठी बरी मुतारी बांधून होईल. नाटकाच्या मध्यंतरात निम्म्या बायका घरी का जातात, हे कधी बघितलंत का? ते म्हणाले, "मग उद्घाटन कशाचं करायचं?" त्याचंच करा, म्हटलं. ते मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय.