आमची वाटचाल: लूमच्या शेडातलं थेटर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरीचा छोटा कारखाना होता, वडिलांनी टाकलेला, १२ माग. पुढं काय झालं ते सोलापूरकरांना सांगायला नको, पानिपतचा माल सोलापुरी चादर म्हणून निम्म्या भावात विकायला लागला की आपण कुठवर टिकणार. माग भंगारात गेले. शेड गोडाऊनला भाड्यानं द्यायचं चाललं होतं तेवढ्यात पुतण्या आणि त्याचे मित्र आले, काका दोन महिने शेड द्या, पिक्चर दाखवतो. म्हटलं दाखवा की, भाडं कोण देणार? कोणीच देणार नव्हतं हे मला नंतर कळलं.

पहिल्या शोला एक डायलॉग नीट ऐकू आला नाही. पत्र्याचं छप्पर, समोरासमोर सपाट भिंती, एक टाळी वाजवली की टर्रर्र करत चार वेळा परत येते. एका साउंडवाल्यानं आवाज शोषणाऱ्या पॅनेलचा जो आकडा सांगितला त्यात मी दोन माग घेतले असते. मग आमचे जुने जॉबर (माग दुरुस्त करणारे) मामा म्हणाले, मालक, माळ्यावर पडून असलेल्या चादरी कशाला आहेत? रिजेक्ट मालाच्या त्या चादरी आम्ही पाइपवर चुण्या पाडून टांगल्या, भिंतीला चिकटवून नाही तर वीतभर लांब, आणि टाळी जागेवर मेली. फक्त बेस घुमायचा राहिला, त्याला चादर पुरत नाही, म्हणून चारी कोपऱ्यांत वेस्ट सुताची पोती छपरापर्यंत रचली. येणारे लोक आधी त्या पोत्यांचेच फोटो काढतात.

गाण्याचे प्रोग्राम सुरू केले तेव्हा उलटंच झालं. पिक्चरला जे मेलेलं शेड लागतं तेच गाणाऱ्याला नको असतं, पेटीवाले म्हणाले आवाज उशीत बोलल्यासारखा येतोय. आता चादरी पडद्यासारख्या सरकतात, पिक्चरला पूर्ण ओढायच्या, भजनाला अर्ध्या.

पहिल्या बँडची गोष्ट सांगायलाच हवी. ड्रमवर पहिला ठोका पडला आणि छपराच्या कैच्यांवर ३० वर्षं साठलेली सुताची तूस खाली यायला लागली, पब्लिकच्या डोक्यावर, चहात, गिटारवर. लोकांना वाटलं इफेक्ट आहे, टाळ्या वाजवल्या ओ! दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर गरम होऊन बंद, फिल्टर उघडला तर आत अख्खी गादी. आता दर सोमवारी फिल्टर उघडायचा, तरी बोटभर निघतेच.

पिक्चर कुठनं आणता, हे सगळे विचारतात. डिस्क विकत घेतली म्हणजे पब्लिकला दाखवायचा हक्क मिळत नाही, हे आम्हालाही आधी माहीत नव्हतं. नव्या दिग्दर्शकांना सरळ मेल करतो, बरेच जण थोडक्या फीत देतात, काही स्वतः येऊन शेंगा चटणी घेऊन जातात. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं बोलतात, पण इंग्लिश सबटायटल भराभर वाचणारे कमी, म्हणून दोन पोरी रात्री बसून मराठी सबटायटल करतात. फुकट.

इथं सगळेच फुकट करतात, तिकीट, चहा, झाडू. मी मध्यंतरी मालकी डोकं चालवून ड्यूटीला २०० रुपये सुरू केले तर पोरं घड्याळ बघायला लागली आणि सव्वा नऊला खुर्च्या उचलायला माणूस नाही. महिन्यात बंद केलं, चिडचिड झाली, दोघं गेली ती आलीच नाहीत, त्याचं वाईट वाटतं. आता पिक्चर कुठला लावायचा ते पोरंच ठरवतात, मला एक मत, आणि मी सुचवलेला पिक्चर आजवर एकदाच लागला.

पैशाचं म्हणाल तर पिक्चर तोट्यात, गाणं त्याला पोसतं. रात्री १० ला स्पीकर बंद, नियमच आहे, त्यामुळे बँडवाल्यांना संध्याकाळी साडेसहालाच उभं करतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत शो नाही, सगळं गाव होम मैदानावर असतं, आम्ही पण. मे महिन्यात पत्रा रात्री आठपर्यंत भाजतो, तेव्हा शो साडेआठला, दारात ओले टॉवेल ठेवतो, आपलेच, कारखान्यातले उरलेले.

खुर्च्या अजून लोखंडी फोल्डिंगच्याच आहेत, हललं की कुरकुरतात. येताना उशी आणा.