टर्बो गेलाय म्हणे

मे महिन्यातली गोष्ट आहे. आमचं गॅरेज कर्वेनगरात, दोन गाड्या आत आणि चार रस्त्यावर एवढीच जागा. एक ताई आल्या, गाडी तीन वर्षांची, एक लिटरचं तीन सिलेंडरवालं टर्बो पेट्रोल, रोजचं कोथरूड ते हिंजवडी. हातात दुसरीकडून आणलेलं एस्टिमेट, आकडा लाखाला थोडाच कमी. म्हणाल्या, "दादा, टर्बो गेलाय म्हणे."

तक्रार अशी की संध्याकाळी घरी येताना चांदणी चौकाचा चढ आला की गाडी ओढतच नाही, पाय दाबून ठेवला तरी नुसता आवाज, मागनं ट्रकवाले हॉर्न मारतात. आणि पार्किंगला लावून बंद केली तरी फॅन कितीतरी वेळ ओरडत बसतो.

खोटं कशाला बोलू, मलाही आधी टर्बोच वाटला. पण लाखाची गोष्ट म्हणून सकाळी साडेआठला स्वतः हायवेला नेली, तर काय पळाली! धूर नाही, शिट्टी नाही. पाइप काढून टर्बोची शाफ्ट बोटानं हलवून बघितली, प्ले नाही, म्हणजे ढिली झालेली नाही. होज सगळे टाइट. मी आपलं "काही नाही ताई, गाडी ओके आहे" म्हणून देऊन टाकली.

तिसऱ्या दिवशी परत हजर, यावेळी चिडून. "सकाळी माझी पण पळते हो, संध्याकाळी बघा ना. आणि एसी पण तिकडं ट्रॅफिकमध्ये गार करत नाही, परवाच गॅस भरून घेतला." मी म्हणलं एसीचं एसीवाल्याला विचारा. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण अख्खी केस त्यातच होती आणि मी ते कानाआड केलं.

मग ठरवलं की ती ज्या वेळेला जाते त्याच वेळेला जायचं. चार वाजता मी आणि आमचा बारक्या निघालो, बारक्याच्या मांडीवर इंजिनातले आकडे दाखवणारा स्कॅनर, एसी फुल, काचा बंद. डॅशबोर्डवर बाहेरचं टेंपरेचर ४०. हिंजवडीत आत जाऊन वळलो आणि भूमकर चौकाकडं येणाऱ्या लायनीत अडकलो ते अडकलोच, दहा फूट पुढं की ब्रेक, दहा फूट पुढं की ब्रेक. फॅन फुल स्पीडला. एसी खरंच मेला, बारक्या घामानं निथळला. पाण्याचं टेंपरेचर १०७ पर्यंत गेलं, ते ठीक आहे, टर्बो पेट्रोलला उन्हाळ्यात जाममध्ये तेवढं जातं. पण इंजिनात जाणाऱ्या हवेचं टेंपरेचर बघून मी बारक्याला म्हणलं परत वाच. ७८.

आता हे का महत्त्वाचं ते सांगतो. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम गॅसवर फिरणारा पंखा, मिनिटाला लाख-दीड लाख फेरे सहज मारतो, आणि त्याच शाफ्टवरचा दुसरा पंखा हवा दाबून इंजिनात घालतो. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप हाताला गरम लागतो ना तसंच. बाहेरच ४० असेल तर दाबल्यावर शंभरच्या वर आरामात. मग ती इंटरकूलरमधून गार होऊन आत जाते. ती गार झाली नाही तर पेट्रोल वेळेआधी पेटतं, नॉकिंग होतं, पिस्टन जायचा धोका. म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर काय करतो, टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ मागं घेतो आणि बूस्टच, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाबच, कमी मागतो.

चांदणी चौकाच्या चढाला बारक्याला म्हणलं दोन आकडे वाच, ईसीयूनं मागितलेला बूस्ट आणि टर्बोनं दिलेला बूस्ट. दोन्ही कमी, पण दोन्ही सारखे! टर्बो खरंच गेला असता तर मागणी जास्त आणि पुरवठा कमी दिसला असता. इथं मागितलं तेवढं बिचारा देत होता, मागणाराच कमी मागत होता. चढावर फुल अॅक्सिलरेटर देऊन मी एकटाच हसत होतो, बारक्याला वाटलं उन्हानं डोकं फिरलं.

आणि मग ते एसीचं आठवलं. या गाडीत पुढं एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर, रेडिएटर सगळे एकामागं एक उभे असतात, वारा एकच. एसी गार नाही, पाणी गरम, हवा गरम, म्हणजे तिघांचा वारा एकाच ठिकाणी अडलाय. सकाळी गार हवेत सत्तरच्या स्पीडला वारा जोरात घुसत असणार, म्हणून मला काही दिसलं नाही.

गॅरेजला येऊन, गाडी निवल्यावर, रात्री साडेआठला बंपर खोलला. आत डासांची जाळी! खिडकीला लावतात ती, बारीक भोकांची, पद्धतशीर कापून केबल टायनं चारी बाजूंनी बांधलेली. तिच्यावर धूळ, मेलेले किडे आणि सावरीचा कापूस, नुसती गादी झाली होती. बंपरच्या ग्रिलमधनं बघितलं तर काळ्यावर काळं, काय दिसणार. आणि गॅस भरणाऱ्याला नाही दिसली, पहिल्या वर्कशॉपला नाही दिसली, मला तरी कुठं दिसली होती.

जाळी काढली, कंडेन्सर हलक्या प्रेशरनं धुतला. दुसऱ्या दिवशी परत तोच टाइम तोच रस्ता, चढाला हवेचं टेंपरेचर ५२ आणि गाडी अशी सुटली की बारक्यानं दाराचं हँडल धरलं. बिल झालं लेबरचं, आणि ऑइल तसंही ड्यू होतं ते बदललं. टर्बोच्या बेअरिंगला तेच ऑइल जातं, आपल्या उन्हाळ्यात त्यात लांबवालांबवी मी करू देत नाही.

गाडी न्यायला ताईंबरोबर त्यांचे सासरे आले. ऐंशीच्या आसपासचे, कडक इस्त्री. मी जाळी दाखवली, सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जाळी मी लावली. सोसायटीत उंदीर फार झालेत. दोन वर्षांत एक तरी वायर कुरतडली का?"

मी म्हणलं, "नाही काका."

"मग?"

याला उत्तर नव्हतं, कारण त्यांच्याच सोसायटीतल्या एका गाडीचं उंदरानं खाल्लेलं वायरिंग मी त्याच आठवड्यात बदललं होतं. शेवटी मोठ्या भोकांची तारेची जाळी खालच्या बाजूनं बसवून देतो असं ठरलं, समोर काही नाही. काका तयार झाले. निघताना वळून म्हणाले, "ती जुनी द्या इकडं. धुऊन बाथरूमच्या खिडकीला होईल."